चर्चला देशांच्या कर्जाशी काय देणंघेणं?

२४ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस व्हीलचेअरवरून व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या दारापाशी आले आणि त्यांनी एरवी बंद असणारा एक दरवाजा उघडला. कॅथॉलिक चर्चचं ज्युबिली वर्ष सुरू झालं. ते चाललं ६ जानेवारी २०२६ पर्यंत. मध्येच, २१ एप्रिल २०२५ ला, फ्रान्सिस गेले आणि तो दरवाजा बंद करायला नवे पोप, लिओ चौदावे, उभे राहिले. बातम्यांमध्ये आपण पाहिली ती यात्रेकरूंची गर्दी आणि निवडणुकीचा पांढरा धूर. पण या वर्षाच्या घोषणापत्रात पापक्षमा, तीर्थयात्रा, कैद्यांना सवलत या अपेक्षित गोष्टींच्या जोडीला एक मागणी होती आणि तिच्यापाशी वाचणारा अडखळतो. ज्या देशांना आपलं कर्ज कधीच फेडता येणार नाही, त्यांचं कर्ज श्रीमंत देशांनी सोडून द्यावं, अशी ती मागणी.

प्रार्थना, उपवास, दानधर्म हे धर्मसंस्थेचं काम, हे कुणालाही कळतं. देशांची कर्जं, व्याजदर, रोखे हा अर्थमंत्र्यांचा प्रांत. तिथे पोपचं काय काम? आणि एकट्या पोपचंच कशाला? गेली तीसेक वर्षं शंभर-दोनशे माणसांच्या साध्यासुध्या मंडळ्यासुद्धा हा विषय धरून बसल्या आहेत. (दर रविवारी एका चर्चमध्ये उपासनेला जमणाऱ्या लोकांना ख्रिस्ती भाषेत मंडळी म्हणतात.) अँग्लिकन, मेथडिस्ट, क्वेकर, कॅथॉलिक, इतर बऱ्याच बाबतीत एकमेकांशी न पटणारे हे वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक कर्जाच्या प्रश्नावर मात्र एका सुरात बोलतात. हे त्यांच्या डोक्यात आलं कुठून, ते कळायला आधी एका मेंढ्याच्या शिंगाकडे जावं लागतं.

## शिंग फुंकलं की जमीन परत

हिब्रू भाषेत 'योबेल' म्हणजे मेंढा किंवा त्याचं शिंग. मराठी बायबलात हाच शब्द राहिला आहे, योबेल वर्ष. इंग्रजीत तो फिरत फिरत 'ज्युबिली' झाला आणि मग राजाराणीच्या समारंभांना चिकटला. मूळ अर्थाचा समारंभाशी काही संबंध नाही.

बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात नियम आहे. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. अशी सात सप्तकं, म्हणजे ४९ वर्षं झाली की पुढचं, पन्नासावं वर्ष योबेल. शिंग फुंकायचं आणि देशभर सुटका जाहीर करायची. अडचणीत ज्यांनी जमिनी विकल्या असतील, त्यांच्या घराण्याकडे त्या परत. कर्जापायी जे दुसऱ्याकडे राबायला गेले असतील, ते आपापल्या घरी.

यातला हिशेब बघण्यासारखा आहे. समजा, योबेलला अजून ४० वर्षं आहेत आणि मी माझं शेत विकतोय. घेणारा ४० पिकांची किंमत देईल. योबेल १० वर्षांवर आलं असेल, तर १० पिकांची. दोनच वर्षं उरली असतील, तर अगदी नगण्य. त्या अध्यायात स्पष्टच म्हटलंय की विकणारा जे विकतो आहे ती पिकांची संख्या आहे. थोडक्यात, ही विक्री नव्हेच, मुदतीचा भाडेपट्टा आहे. घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं की हे कधी परत जाणार. त्यामुळे परत देताना त्याची फसवणूक होत नाही.

या नियमात मला सगळ्यात विलक्षण वाटते ती तारीख. सावकाराच्या मनाला पाझर फुटावा, कर्जदाराने पाया पडावं, कुणी पुण्यवान राजा जन्माला यावा, असं काही लागत नाही. पन्नासावं वर्ष उजाडलं की झालं. बॅबिलोनियाचे राजे त्याआधीच्या काळात कर्जमाफीचे हुकूम काढत, बहुधा गादीवर बसल्यावर. तिथे माफी म्हणजे राजाची मर्जी. इथे ती दिनदर्शिकेत घातली गेली.

हा नियम प्रत्यक्षात किती पाळला गेला, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही आणि पाळल्याचा ठोस पुरावाही नाही. शिवाय त्याच अध्यायात तटबंदीच्या शहरातली घरं वगळली आहेत आणि परदेशी गुलामांना योबेलची सुटका नाही, असंही लिहिलं आहे. कर्जमाफीच्या सभांमध्ये ही शेवटची ओळ सहसा वाचली जात नाही. वाचायला हवी.

पण कल्पना टिकून राहिली. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या एका चरित्रात, येशू नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचा जो उतारा वाचतो, त्यात गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका आणि 'परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष' यांचा उल्लेख येतो. ते वर्ष म्हणजे योबेलच, असं बरेच जाणकार मानतात. प्रभूच्या प्रार्थनेबद्दल, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेबद्दल, तर मराठी बायबलाच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. इंग्रजीत बऱ्याच मंडळ्या 'आमचे अपराध क्षमा कर' अशा अर्थाचे शब्द म्हणतात. मराठी बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानात, मात्र सरळ 'ऋण' आहे: आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं आहे, तशी आमची ऋणं तू सोड. ग्रीक मुळातही कर्जाचाच शब्द आहे. येशूच्या अरामी बोलीत तर पाप आणि कर्ज यांना एकच शब्द होता. दर रविवारी हे म्हणणाऱ्या माणसाला कधीतरी प्रश्न पडणारच की हे खऱ्याखुऱ्या कर्जाबद्दल असेल तर?

## देश कर्जात रुततो कसा

घरातल्या कर्जाचं उदाहरण घेऊ. एका माणसाने मुलांच्या नावावर कर्ज काढलं. व्याज बदलतं, म्हणजे बाजारात दर वाढला की हप्ताही वाढणार. आणि हप्ता भरायचा तो घरात येणाऱ्या पैशात नाही, तर दुसऱ्याच कुठल्या चलनात. ते चलन मिळवायला घरात पिकणारी एकच वस्तू बाहेर विकायची, आणि तिचा भाव ठरवणार तिसराच कुणी. आता व्याज वाढलं आणि त्याच वर्षी वस्तूचा भाव पडला, तर? माणूस उधळा नसला तरी बुडेल.

१९७० च्या दशकात नेमकं हेच झालं. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. तेल विकणाऱ्या देशांकडे डॉलरचा पूर आला आणि तो त्यांनी पाश्चात्त्य बँकांत ठेवला. बँकेत नुसता पडलेला पैसा बँकेला परवडत नाही. तो कुणाला तरी द्यावाच लागतो. बँकांचे अधिकारी गिऱ्हाईक शोधत लॅटिन अमेरिकेत आणि आफ्रिकेत हिंडले. व्याजदर कमी होते, सरकारांनी कर्जं उचलली. १९७९ नंतर महागाई रोखण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने दर झपाट्याने चढवले. तांबं, कॉफी, कापूस यांचे भाव घसरले. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले आणि मग एकेक देशाची रांग लागली.

पुढचं सगळं व्याजाचं गणित आहे. जुना हप्ता भरायला नवं कर्ज, त्या कर्जावर अटी, अटींमध्ये सरकारी खर्चाला कात्री. दवाखान्यात शुल्क लागलं, शाळेत फी लागली. ज्या मुलीची फी भरणं घरच्यांना जमेना, तिचा जन्मही ते कर्ज काढलं तेव्हा झालेला नव्हता.

## दिवाळं काढायची सोयच नाही

या सगळ्यात एक गोष्ट आहे, जी कळली की चर्चचं म्हणणं निम्मं तरी कळतं.

कंपनी बुडाली तर कायदा आहे. न्यायालयात जायचं, दिवाळखोरी जाहीर करायची. कंपनीकडे काय उरलंय ते न्यायाधीश बघतो, कुणाला किती मिळणार ते ठरवतो आणि उरलेलं कर्ज तिथेच संपतं. कर्ज देणाऱ्याला थोडं नुकसान सोसावं लागतं. त्याने आधी व्याज घेतलं ते या जोखमीपोटीच. बऱ्याच देशांत साध्या माणसालाही अशी वाट आहे.

देशाला मात्र नाही. देश बुडाला तर जायचं कुठे, असं एकही न्यायालय जगात नाही. १९५६ पासून 'पॅरिस क्लब' नावाचा श्रीमंत सरकारांचा एक गट आहे. आधी अर्जेंटिनासाठी जमले आणि मग जमतच राहिले. कर्जदार देशाचा मंत्री त्यांच्यासमोर जाऊन सवलत मागतो. म्हणजे ज्यांचं येणं आहे, तेच निवाडा देणार. आपल्या विरोधातला वादीच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला असेल, तर तुम्ही त्याच्याकडे न्याय मागाल की दया?

दान आणि न्याय यांतला हा फरक मंडळ्यांनी उचलला. दान देणारा केव्हाही हात आखडता घेऊ शकतो. तारीख ठरलेली असते ती नियमाला. योबेलला पन्नास वर्षांचं चक्र होतं. आजच्या देशांसाठी ना चक्र आहे, ना न्यायालय.

## बर्मिंगहॅमची साखळी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये मार्टिन डेंट हे कील विद्यापीठातले राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि बिल पीटर्स हे निवृत्त राजनयिक यांनी एक साधी जोडणी केली. इसवी सन २००० जवळ येतंय, लोक काहीतरी मोठं साजरं करणारच आहेत, तर ते योबेलच का नको? 'ज्युबिली २०००' असं मोहिमेचं नाव. १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनीही आपल्या पत्रात २००० सालच्या निमित्ताने कर्जं कमी करण्याचा विषय काढला होता.

१६ मे १९९८ ला जी-८ या आठ बड्या देशांच्या गटाच्या प्रमुखांची बैठक बर्मिंगहॅममध्ये होती. सुमारे ७०,००० माणसं जमली आणि त्यांनी हातात हात धरून शहराच्या मध्यभागाभोवती साखळी केली. त्यात मोठा भरणा चर्चच्या मंडळ्यांचा. रविवारी स्तोत्रं गाणारी, एरवी मोर्चाच्या वाटेलाही न जाणारी माणसं. गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी साखळी केली, ते नेते त्या दिवशी शहरातच नव्हते. त्यांना चर्चेसाठी दूरच्या एका निवांत वाड्यावर नेलं होतं. पण साखळी इतकी मोठी निघाली की पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना परत येऊन मोहिमेच्या लोकांना भेटावं लागलं.

पुढच्याच वर्षी, जून १९९९ मध्ये, कोलोनच्या बैठकीत जी-८ ने गरीब देशांच्या कर्जमाफीची योजना बरीच मोठी केली. मूळ योजना आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेने १९९६ मध्ये आणली होती, पण तिची गती गोगलगायीची होती. २००५ मध्ये तिच्यात आणखी भर पडली. एकूण ३७ देशांना या योजनेत सवलत मिळाली, त्यांपैकी ३१ आफ्रिकेतले. शेवटचा सोमालिया, डिसेंबर २०२३ मध्ये. २०१८ मध्ये त्याचं परकीय कर्ज त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या ६४ टक्के होतं. माफीनंतर ते ६ टक्क्यांच्याही खाली आलं.

वाचलेला पैसा गेला कुठे? टांझानियाने २००१ मध्ये प्राथमिक शाळांची फी रद्द केली. झांबियाने १ एप्रिल २००६ पासून ग्रामीण दवाखान्यांत शुल्क घेणं बंद केलं. युगांडाने कर्जमाफीतून आलेल्या पैशासाठी अंदाजपत्रकात वेगळा निधीच केला आणि तो कुठे खर्च झाला याचे तक्ते गावोगाव लावायला सुरुवात केली. सगळीकडे सगळं गोड झालं असं नव्हे. माफीसोबत नाणेनिधीच्या अटी आल्या आणि त्यांतल्या काही अटी कर्जाइतक्याच जाचक होत्या. पण 'याने काहीच होत नाही' असं म्हणायची सोय उरली नाही.

## 'घेतलंय तर फेडायला नको?'

हा पहिला आक्षेप, आणि तो साधा नाही. शब्द पाळणं ही नीतीच आहे. मंडळीतल्या निम्म्या लोकांनी आयुष्यभर काटकसर करून आपापली कर्जं फेडलेली असतात. त्यांना कर्जमाफी म्हटलं की खटकतंच.

उत्तराला दोन पदर आहेत. पहिला म्हणजे कर्ज कुणी घेतलं आणि कशासाठी? फिलिपिन्समध्ये फर्डिनंड मार्कोस या हुकूमशहाच्या काळात बाटान इथे अणुवीज केंद्र बांधलं गेलं. खर्च २ अब्ज डॉलरच्या वर. भूकंप आणि ज्वालामुखीच्या पट्ट्यात उभारलेल्या या केंद्रातून कधी एक दिवाही लागला नाही. मार्कोस १९८६ मध्ये पळून गेला. केंद्राचं कर्ज मात्र फिलिपिन्सची जनता २००७ पर्यंत फेडत राहिली. बापाने मुलाच्या नावावर कर्ज काढून जुगारात घातलं, आणि देणाऱ्याला ते दिसत होतं. अशा वेळी जबाबदारी एकट्या मुलाची कशी?

यावर एका देशाने खरोखर कबुली दिली आहे. १९७० च्या दशकात नॉर्वेतल्या गोद्यांना काम मिळावं म्हणून नॉर्वेने गरीब देशांना कर्जावर जहाजं विकली. जहाजं घेणाऱ्यांना त्यांची गरज होती का, हे फारसं कुणी तपासलं नाही. २००६ मध्ये नॉर्वे सरकारने इक्वेडोर, पेरू, जमैका, इजिप्त आणि सिएरा लिओन यांची या व्यवहारातली उरलेली कर्जं रद्द केली आणि कर्ज देणारा म्हणून आपलंही चुकलं, हे मान्य केलं. त्यामागे तिथल्या चर्चशी जोडलेल्या संस्थांनी अनेक वर्षं लावलेला रेटा होता.

दुसरा पदर असा की ज्याचं कर्ज असतं, वसुली त्याच्याच हाती राहते असं नाही. झांबियाने १९७९ मध्ये रुमानियाकडून ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारं उधारीवर घेतली, सुमारे १.५ कोटी डॉलरची. पुढे झांबियाला हप्ते जमेनात. १९९९ मध्ये एका खाजगी फंडाने रुमानियाकडून ही थकबाकी विकत घेतली, साधारण ३३ लाख डॉलरना. आणि मग लंडनच्या न्यायालयात दावा लावला, ५.५ कोटी डॉलरचा. २००७ मध्ये न्यायालयाने सुमारे १.५५ कोटी डॉलर मंजूर केले. म्हणजे मागितलेलं सगळं मिळालं नाही, तरी गुंतवणुकीच्या जवळपास पाचपट रक्कम झालीच. त्याच सुमाराला झांबियाला जगभरातून कर्जमाफी मिळत होती. दवाखान्यांसाठी सुटलेला पैसा असा वळवला जाऊ शकतो, हे तेव्हा लोकांना कळलं. अशा फंडांना 'गिधाड फंड' हे नाव पडलंय ते काही उगाच नाही.

आणि माफी फक्त गरिबांनाच मिळते, अशातलाही भाग नाही. २७ फेब्रुवारी १९५३ ला लंडनमध्ये झालेल्या करारात पश्चिम जर्मनीचं बाहेरचं कर्ज जवळपास निम्मं करण्यात आलं, आणि उरलेल्याचे हप्तेही देशाला परवडतील अशा बेताने बांधून दिले. जर्मनीने नंतर जी भरारी घेतली तिचं श्रेय या कराराला देणारे बरेच आहेत.

## 'पैसा पुढाऱ्यांच्याच खिशात जाईल'

जाऊ शकतो. म्हणूनच युगांडातल्यासारखे तक्ते लागतात, आणि कर्ज घेताना संसदेची मान्यता, कराराचे कागद उघड ठेवणं हेही लागतं. मंडळ्यांच्या मागण्यांमध्ये हे असतं. पण एक बघा, हा आक्षेप माफी द्यायच्या वेळीच आठवतो. त्याच पुढाऱ्याला कर्ज देताना तो कुणाला आठवलेला नसतो.

## 'मग पुढे कर्ज देणार कोण?'

याचं उत्तर शोधायला दोन हजारांहून जास्त वर्षं मागे जावं लागतं, कारण हा प्रश्न तेव्हाच पडला होता. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्ज सोडायचा नियम आहे. आणि लगेच ताकीदही आहे की सातवं वर्ष जवळ आलंय म्हणून गरिबाला कर्ज नाकारू नकोस. म्हणजे लिहिणाऱ्याला माणसाचा स्वभाव चांगलाच ठाऊक होता. ताकीद पुरली नाही. येशूच्या जन्माच्या थोडं आधी हिल्लेल नावाच्या प्रख्यात यहुदी गुरूने पाहिलं की सावकार सातव्या वर्षाच्या तोंडावर हात आखडतात आणि हाल गरिबांचेच होतात. त्याने तोड काढली. सावकाराने आपली येणी न्यायमंडळाकडे सोपवल्याचा लेख करायचा. मग ती सातव्या वर्षी बुडत नाहीत. या लेखाला 'प्रोजबूल' म्हणत.

मला हा हिल्लेल फार आवडतो. त्याने नियम धुडकावला नाही आणि डोळे मिटून पाळलाही नाही. कर्जमाफीचं समर्थन करणाऱ्यांनीही त्याची अडचण झटकून टाकू नये. सरसकट, केव्हाही माफी मिळणार असेल, तर गरीब देशांना स्वस्त कर्ज मिळणं खरंच कठीण होईल. पण आधीपासून ठाऊक असलेला नियम असेल तर देणारा त्याप्रमाणे व्याज लावतो, किंवा नको तिथे कर्ज देतच नाही. दिवाळखोरीचे कायदे आले म्हणून कंपन्यांना कर्ज मिळायचं थांबलं नाही. शेवटी ही योबेलच्या शेताचीच गोष्ट आहे, किती पिकं शिल्लक आहेत हे मोजून किंमत लावायची.

## 'चर्चने आधी आपल्या घरात बघावं'

हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. चर्च ऑफ इंग्लंडची मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळाने स्वतःचे जुने हिशेब तपासले, तेव्हा अठराव्या शतकात चर्चच्या निधीतला पैसा गुलामांचा व्यापार करणाऱ्या साउथ सी कंपनीत गुंतवला होता, हे पुढे आलं. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त म्हणून १० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. त्यावर चर्चमध्येच दोन तट पडले. हे कमी आहे, असं एक तट म्हणतो. दुसरा म्हणतो, आमच्या गावातल्या चर्चचं छप्पर गळतंय आणि हे काय चाललंय!

एकदा असे हिशेब उघडले की कोण कुणाचं देणं लागतं, हा प्रश्नच उलटा होतो. हैतीतल्या गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून भरपाई मागितली, १५ कोटी फ्रँक. कशाची? गेलेल्या जमिनींची आणि त्यात मोडणाऱ्या गुलामांची, म्हणजे खुद्द त्या माणसांची. नंतर रक्कम ९ कोटींवर आणली गेली. ती भरायला हैतीने पॅरिसच्याच बँकांकडून कर्ज काढलं, आणि या सगळ्याचा शेवटचा हप्ता गेला तो १९४७ मध्ये. फ्रान्सिस यांनी १ जानेवारी २०२५ च्या शांतिदिनाच्या संदेशात 'पर्यावरणीय ऋण' हा शब्द वापरला, त्यामागचा विचारही याच जातीचा आहे. हवेत धूर सोडला कुणी, आणि बुडतंय कुणाचं शेत? पैशाचं कर्ज गरीब दक्षिणेकडून श्रीमंत उत्तरेला आणि हे दुसरं ऋण उत्तरेकडून दक्षिणेला. दुसऱ्याची वसुली मात्र अजून फारशी झालेली नाही.

## एवढं करून पुन्हा तेच कसं?

कारण माफीने जुनी पाटी पुसली, पण नियम बदलला नाही. २००८ च्या मंदीनंतर श्रीमंत देशांत व्याजदर शून्याजवळ आले आणि पैसा पुन्हा गिऱ्हाईक शोधत निघाला. सत्तरच्या दशकाचीच आवृत्ती. या वेळी सरकारांनी रोखे विकले. (रोखा म्हणजे कर्जाची चिठ्ठी, ती बाजारात कुणीही घेतो, कुणीही विकतो.) दुसरीकडे चीन मोठा सावकार झाला. मग कोरोना आला, आणि २०२२ मध्ये व्याजदर पुन्हा चढले. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेच्या २०२४ च्या अहवालानुसार ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात, जिथे सरकार आरोग्यावर किंवा शिक्षणावर जेवढं खर्च करतं, त्यापेक्षा जास्त व्याजात घालतं.

पूर्वी एका टेबलावर पंधरा-वीस सरकारं बसली की काम व्हायचं. आता रोखे हजारो हातांत विखुरलेले, चीन पॅरिस क्लबात नाही, आणि प्रत्येकाला वाटतं की आधी दुसऱ्याने सोडावं. सगळ्या सरकारी सावकारांनी मिळून तडजोड करावी म्हणून जी-२० ने नोव्हेंबर २०२० मध्ये एक सामाईक चौकट काढली. झांबियाने त्याच महिन्यात ४.२५ कोटी डॉलरचा हप्ता चुकवला होता. तो पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला त्या चौकटीत दाखल झाला. सरकारी सावकारांशी तडजोड व्हायला जून २०२३ उजाडलं, रोखेधारकांशी जून २०२४. बुडणाऱ्याला दोर मिळायला तीन वर्षांवर काळ.

## छोट्या मंडळीच्या हातात आहे तरी काय?

प्रार्थना, वर्गणी, पोस्टकार्डं हे तर आहेच. पण एक गोष्ट फारशी माहीत नसते. गरीब देशांनी परदेशी बाजारात विकलेले बहुतेक रोखे दोनच ठिकाणच्या कायद्याखाली निघतात, इंग्लंडच्या किंवा न्यूयॉर्क राज्याच्या. वाद झाला की खटला लंडनला किंवा न्यूयॉर्कला. म्हणजे झांबियाच्या राजधानीतल्या, लुसाकातल्या, दवाखान्याचा पैसा कुणाला मिळणार, हे ठरवणारा कायदा लुसाकातल्या मतदाराच्या हातात नाही. इंग्लंडमधल्या एखाद्या गावातल्या मंडळीच्या खासदाराच्या हातात आहे. 'आम्ही दूरच्या देशांत नाक खुपसतो आहोत' असं कुणी म्हटलं की मोहिमेतले लोक हेच दाखवतात. तो कायदा दूरचा नाही, त्यांचा स्वतःचा आहे.

ट्रॅक्टरच्या खटल्यानंतर त्यांनी तेच केलं. ब्रिटनच्या संसदेने एप्रिल २०१० मध्ये कायदा केला: कर्जमाफीच्या योजनेत आलेल्या देशांकडून कुठलाही फंड, योजनेत ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त वसुली ब्रिटिश न्यायालयात करू शकणार नाही. आधी तो एकाच वर्षापुरता होता. २०११ मध्ये कायमचा झाला. मात्र तो लागू आहे त्या योजनेतल्या जुन्या कर्जांनाच. झांबियाने आपले पहिले डॉलर-रोखे विकले ते सप्टेंबर २०१२ मध्ये, आणि तेही इंग्लंडच्याच कायद्याखाली.